खांबाला लागलेली हळद

हळदीचा डबा पडलाही नाही, ओट्याच्या कडेला नुसता कलंडला. साताऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये प्राची पोह्यांची फोडणी करत होती, खिडकीतलं ऊन नुकतंच ओट्यावर आलं होतं, आणि चिमूटभर हळद उडून सिंकखाली सांडली. तिथे काल प्लंबरने पाइप बदलून भोकाभोवती सिमेंट थापलं होतं. ते अजून ओलसर होतं. ती फडकं घेऊन खाली बसेपर्यंत पिवळ्याचं लालभडक झालं होतं. तिला हसू आलं. यात नवल ते काय? सिमेंटात चुना असतो, आणि चुन्याला हळद लागली की लाल होते हे सांगलीत पोरं शाळेत जायच्या आधी शिकतात. खेळताना पाय मुरगळला की आई वाटीत हळद आणि चुना कालवायची, आणि तिच्या बोटाखाली रंग पालटताना बघण्यात प्राची दुखणंसुद्धा विसरायची. डाग राहू नये म्हणून तिने सुरीच्या टोकाने सिमेंट खरवडलं. पहिल्याच फटक्यात खाली राखाडी दिसलं. लाल होतं ते फक्त वरचं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं. तिने पुन्हा खरवडलं. राखाडीच. मग तिचा हात जो थांबला तो थांबलाच. कढईतली मोहरी करपली, घरात धूर झाला, तरी ती सिंकखाली उकिडवी बसून त्या राखाडी चरेकडे बघत राहिली. कारण सांगलीच्या त्या खांबाचा जो तुकडा तिने स्वतःच्या हाताने फोडला होता, तो आतूनही गुलाबी होता. चांगला दोन बोटं आत.

खांब भरतेशदादाच्या गोदामातला. भरतेश तिचा चुलत भाऊ, सांगलीत हळदीचा अडत्या. खाली-वर दोन मजल्यांचं त्याचं काँक्रीटचं गोदाम, आणि पौषात त्याच्या खालच्या मजल्याला आग लागली. बारदानाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला आणि एकदा पेटलेलं बारदान विझता विझत नाही, आतल्या आत धुमसत बसतं. माणूस कुणी दगावलं नाही, वरचा मजला हंगामाआधीचा रिकामाच होता, तेवढं नशीब. प्राची स्ट्रक्चरल इंजिनिअर. जळलेल्या, खचलेल्या, गंजलेल्या इमारती तपासायच्या, कुठला खांब ठेवायचा, कुठल्याला नवा कोट चढवायचा आणि कुठला पाडायचा ते सांगायचं, हे तिचं रोजचं काम. घरातच इंजिनिअर असताना दादा दुसऱ्या कुणाला कशाला बोलावतोय? ती गेली तेव्हा बंबांचं पाणी अजून घोट्याएवढं साचलेलं होतं. गोदामाला दर वर्षी हंगामाआधी चुना मारतात. त्या चुन्यावरून हळदीचं पाणी ओघळलं होतं आणि भिंतीभर लाल रेघोट्या उमटल्या होत्या. हळद निवडणाऱ्या बायका दारात पदर नाकाला लावून उभ्या होत्या. त्यांच्यातली बनुबाई प्राची फ्रॉक घालायची तेव्हापासून तिथे कामाला. तीच म्हणाली होती, "बघा की ताई, समद्या गोदामाला हळद लागलीया. आता मांडव तेवढा घालायचा ऱ्हायलाय." सगळ्या हसल्या. मधल्या खांबावर मात्र रेघोट्या नव्हत्या, तो सगळाच्या सगळा गुलाबी होता. आणि स्वच्छ. बाकीचे खांब काजळीने काळेठिक्कर, हा आपला आंघोळ करून उभा राहिल्यासारखा. विम्याच्या कामासाठी पुण्याहून एक साहेब आले होते, चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "मॅडम, हा गुलाबी का?" आणि प्राची हसली. आता तिला ते हसू ऐकू आलं, स्वतःच्याच घशातून, अगदी स्पष्ट. "साहेब, तुम्ही पुण्याचे. ही हळद आहे. आमच्याकडे चुन्याला हळद लागली की असंच होतं. बाहेरचा इंजिनिअर असता तर घाबरून हा चांगला खांब पाडायला लावला असता." दादा हसला, बायका हसल्या, साहेबही ओशाळून हसले आणि पुढच्या खांबाकडे वळले. काळ्या खांबांचे तिने नमुने काढले, सैल काँक्रीट पाडलं, नव्या सळ्या बांधून काँक्रीटचा नवा कोट चढवला. गुलाबी खांबाबद्दल म्हणाली, धुवा आणि चुना मारा; आणि बायकांना म्हणाली, खुशाल बसा, काही होत नाही.

तिला माहीत नव्हतं असं नाही. भयंकर होतं ते हेच. माहीत नसतं तर रडून मोकळी झाली असती. काँक्रीट एका मर्यादेपलीकडे तापलं की वाळूतलं लोह लालसर होतं, काँक्रीटवर गुलाबी छटा चढते आणि तिथून पुढे त्याचा जीव जाऊ लागतो. हे ती दर वर्षी कॉलेजातल्या पोरांना फळ्यावर लिहून सांगायची. काजळीला घाबरू नका, काजळी म्हणजे तिथे आग बेताची होती; जिथे काजळीसुद्धा जळून गेलीय आणि खांब स्वच्छ दिसतोय तिथे आधी हातोडी घेऊन जा, हेही सांगायची. पोरं लिहून घ्यायची. आणि ती स्वतः त्या स्वच्छ, गुलाबी खांबासमोर उभी राहिली, हातोडीने कोपरा फोडला, तुकडा हातात घेतला, आतला रंग डोळ्यांनी पाहिला, आणि तिला काय दिसलं? आईची वाटी दिसली. बनुबाईचं हसू दिसलं. पुण्याच्या माणसाला न कळणारी एक गोष्ट आपल्याला कळते याचा आनंद दिसला. शिक्षणासाठी बाहेर, नोकरीसाठी बाहेर, लग्नानंतर साताऱ्यात; सांगलीत ती पाहुणी झाली होती. त्या दिवशी घोट्याएवढ्या हळदीच्या पाण्यात उभी राहून ती पुन्हा तिथली झाली, एवढंच. तेवढ्यासाठी. अंगातून काहीतरी सरसरत खाली उतरलं आणि पायाशी गोळा झालं. ती ओट्याला धरून उठली. तेव्हा गोदाम वर रिकामं होतं म्हणून खांब तगला. आणि आता? आता हंगाम भरात होता. परवाच दादा फोनवर खुशीत म्हणाला होता, "वरचा मजला छतापातूर भरायला काढलाय बघ, तुझ्या जिवावर." आणि बायका? खालच्या मजल्याला गारवा असतो म्हणून बायका त्याच खांबाभोवती गोल करून निवडायला बसतात. ती लहान असल्यापासून तिथेच बसतात.

दादाचा फोन वाजून वाजून बंद झाला. ही सौद्याची वेळ, या वेळी तो देवाचाही फोन घेणार नाही. तिने बनुबाईला लावला. पहिल्यांदा नुसती खरखर, बायकांचा गलका, सुपांचा आवाज. म्हणजे बायका निवडायला बसल्या होत्या.

"बनुबाई, कुठे बसलाय तुम्ही?"

"कोण, प्राचीताई? आवं कुठं म्हंजे? आपल्या जाग्याव. खांबापशी. काय झालं?"

"उठा. सगळ्या उठा आणि बाहेर या. आत्ता."

"उठा म्हंजे? आवं ताई, आत्ताच तर बसलोय, ह्यो ढीग बघा केवढा पडलाय. मालक काय म्हंतील?"

"दादाला मी सांगते. बनुबाई, तो खांब..." ती पुढे काय बोलली ते तिचं तिलाच ऐकू आलं, कारण पलीकडे आता कुणी नव्हतं. मग लावला तेव्हा संपर्क होत नव्हता. पुन्हा लावला. त्या गोदामात जाड भिंतींमुळे फोन असाच तुटतो, दादा नेहमी कुरकुरायचा. मग तिने स्वतःला दुसरं काही सुचू दिलं नाही, गॅस बंद केला, हातोडीची पिशवी उचलली आणि निघाली. जिन्यात आल्यावर लक्षात आलं की पायात घरातल्या सपाता आहेत. तशीच गाडीत बसली.

महामार्गावर उसाचे ट्रॅक्टर नेहमीसारखे रस्ता अडवून चालले होते, दोन-दोन ट्रॉल्या मागे हलवत, गाणी मोठ्याने लावून. एरवी ती चिडली असती. आज तिला त्या निवांतपणाचं नवल वाटत होतं. अख्खं जग रविवार असल्यासारखं चाललंय आणि तिकडे एक खांब पोत्यांखाली उभा आहे. उंब्रजच्या अलीकडे तिने मानसिंगला फोन केला. मानसिंग टेकू लावायची कामं घ्यायचा, फौजेत असताना पूल उभारायच्या पलटणीत होता, आणि त्याचं सामान इस्लामपुरातच पडलेलं असायचं. "जॅक किती आणू मॅडम?" "असतील तेवढे. आणि आडव्या लाकडी तुळया. मानसिंग, धावत ये." त्याने कारण विचारलं नाही. दादा फोन घेत नव्हता. बनुबाईचा लागत नव्हता. कराड गेलं. प्रत्येक वेळी फोन कानाला लावताना तिला वाटे की आता कुणीतरी दुसरंच उचलेल, कुणीतरी रडत. मग मन आपोआप त्या दिवशी जाई, आणि त्या दिवशी गेलं की तिला आवाज आठवे. रंगाचं एक वेळ जाऊ दे, रंगाने फसवलं; पण आवाज? चांगल्या काँक्रीटवर हातोडी मारली की खणखणीत वाजतं, हाताला उलटा दणका बसतो. त्या खांबावर मारली तेव्हा भद् झालं होतं. भिजलेल्या गादीवर मारावं तसं. तिने ऐकलं होतं. ऐकून काय केलं? प्लास्टर सुटलं असेल म्हणाली आणि पुढे गेली. दादाने तेवढ्यात चहा मागवला होता. तो चहासुद्धा तिला आठवत होता, वेलदोड्याचा, जास्त गोड. इतक्या बारीकसारीक गोष्टी डोक्यात राहतात आणि भद् एवढं मोठं वाजलेलं राहत नाही. पेठ नाक्याला वळताना मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला आणि ती एवढ्याने दचकली की गाडी कडेच्या मातीत उतरली. तिथे थांबून तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.   मग गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. आष्ट्यातून जाताना सकाळची शाळा सुटली होती, पोरांच्या घोळक्यातून गाडी काढताना कुणाचा तरी डबा रस्त्यावर पडला, तिने काच खाली करून "लागलं का रे?" विचारलं, पोरगं हसलं. तिला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. सांगली जवळ आली तसा हवेला हळदीचा वास यायला लागला. जन्मभर या वासाने ती घरी आली होती.

गोदामाच्या फाटकाशी गर्दी नव्हती. गर्दी नाही हे तिने आधी पाहिलं. मग इमारत पाहिली, उभी होती. मग बायका दिसल्या, अंगणात उन्हात, डोक्यावर पदर घेऊन ओळीने बसलेल्या, हातावर हात ठेवून. बनुबाई मधे. प्राचीने गाडीतच डोळे मिटले. अंगातून जे सकाळपासून खाली उतरून बसलं होतं ते वर आलं नाही, जागच्या जागी थोडं हललं.

भरतेश तिच्याकडे येत होता तो तावातावाने. हंगामात त्याचा रंग उन्हाने आणि हळदीने वेगळाच होतो. "अगं काय लावलंयस प्राची? तुझा फोन आला म्हणून ह्या बाया काम टाकून उठल्या. मी आत्ता सौद्यातनं आलो तर सगळं ठप्प. वर हमाल पोती घेऊन खोळंबलेत, खाली गाड्या खोळंबल्यात. झालंय काय?"

"दादा, हमालांना खाली बोलव. वर कुणी नको. मधला खांब गेलाय."

"कुठं गेलाय? समोर तर उभाय."

"तो गुलाबी रंग हळदीचा नव्हता. आगीचा होता."

भरतेशने तिच्याकडे असं पाहिलं की त्यात राग नव्हता, काळजी होती, आणि ती काळजी तिच्या डोक्याची होती. "तूच म्हणालीस न्हवं? पुण्याच्या साहेबाला तूच गप्प केलंस. आम्ही चारचौघांत सांगत फिरलो, बहीण आमची हुशार हाय म्हणून."

तिने गाडीतून हातोडी घेतली. हमाल खाली उतरून गाड्यांपाशी गेले तेव्हा ती आत गेली. भरतेश मागोमाग आला. अरे नको म्हणायचं तिच्या लक्षातच आलं नाही, इतकी ती खांबाकडे बघत होती. पांढराशुभ्र खांब. तिने सांगितलेला चुना नीट दोन हात मारलेला. वर स्लॅबशी जिथे खांब मिळतो तिथे केसाएवढी एक उभी चीर, आणि ती वरचा चुनाही फोडून आलेली, म्हणजे चुन्यानंतरची, ताजी. तिने कोपऱ्यावर हलकेच टोला दिला. भद्. टवका निघून हातात आला, ढेकळासारखा, बोटांनीच कुस्करला जाणारा, आतून गुलाबी. ती दादाला हाताला धरून बाहेर घेऊन आली. फाटकाशी रसवंती होती, तिथून तिने लिंबाची फोड आणली. दाराजवळच्या भिंतीवर जुन्या लाल रेघोट्या अजून कुठेकुठे होत्या, त्यातल्या एकीवर लिंबू पिळलं. लाल होतं ते डोळ्यांदेखत पिवळं झालं. मग तेच लिंबू टवक्यावर पिळलं. रस मुरला, गुलाबी होतं ते गुलाबीच राहिलं. भरतेशने टवका हातात घेतला. त्याच्या बोटांनी तो चुरायला लागला आणि चुरा त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडला.

"वरची पोती?" तो म्हणाला.  "पोती खाली घेऊया लगेच. हमाल लावतो."

"नाही!" ती ओरडलीच. आणि तेव्हा तिला खरं काय करून ठेवलंय ते कळलं. सकाळपासून तिला वाटत होतं की पोचलं, बायका उठल्या, की सुटलो. पण पोती काढायची तर माणसं वर चढणार. पोती पाठीवर घेऊन त्याच मजल्यावर चालणार, धपाधप पाय टाकत. आधी टेकू लावायचे तर माणसं खाली जाणार, त्याच खांबाला वळसा घालत. न काढता ठेवायचं म्हटलं तर शेजारी दुसरी गोदामं आहेत, गल्ली आहे, माणसं आहेत. कुणाला तरी आत पाठवल्याशिवाय हे सुटणार नव्हतं. तिच्या एका हसण्याने ते कुणीतरी माणूस ठरून गेलं होतं, फक्त त्याचं नाव अजून कळलं नव्हतं.

मानसिंग टेम्पोतून उतरला, दारातून आत एक नजर टाकली, टोपी काढून पुन्हा घातली. मग तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, पडंल का?"

इतक्या वर्षांत साइटवर तिला हा प्रश्न शेकडो वेळा विचारला गेला होता आणि दर वेळी तिने हो किंवा नाही सांगितलं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली.

"बरं," मानसिंग म्हणाला. "मंग तुमी भायेर थांबा. मी आनि माजा एक गडी जातो."

"मी येणार."

"तुमचं काय काम हाय आत? जड उचलायचं हाय."

"जॅक कुठे बसवायचा ते मी दाखवणार. तू चुकलास तर मला दिसेल. मी चुकले तर तू सांग." असं ती कधी कुणाला म्हणाली नव्हती. मानसिंगने तिच्या पायातल्या सपातांकडे पाहिलं, टेम्पोतून आपले जुने बूट काढून दिले. ते तिला मोठे होत होते.

आत गार होतं. बायकांना इथे बसायला का आवडतं ते अंगाला लगेच कळत होतं. खांबाभोवती बारदानं अंथरलेली तशीच होती, सुपं उपडी, हळकुंडांचा ढीग अर्धा निवडलेला, प्रत्येकीचा जेवणाचा डबा आपापल्या जागेपाशी. त्या डब्यांना हलवायचं तिला का सुचलं नाही? नंतर तिने पुष्कळ वेळा विचार केला. कदाचित ते डबे माणसांसारखे वाटत होते आणि तिला माणसांकडे बघायचं नव्हतं. खांबापासून हातभर अंतर राखत त्यांनी तुळई वर धरली, खाली एक जॅक, मग दुसरा, मग पलीकडच्या बाजूला. मानसिंग एकेक पीळ देत होता, स्लॅबच्या पोटाला तुळई टेकली की ती हात वर करून थांबवत होती.  वरून बारीक चुना गळत होता, पिठासारखा, तिच्या केसांत, मानेवर. तिला आत कुठेतरी वाटत होतं की आता सगळं येऊ दे खाली, माझ्या एकटीवर, आणि लगेच मानसिंगच्या गड्याचा चेहरा दिसत होता आणि त्या वाटण्याची शरम वाटत होती. चारी बाजूंनी टेकू लागले. मानसिंगने शेवटच्या जॅकखाली पाचर सारली आणि ती घट्ट बसावी म्हणून घण उचलला. पहिला घाव. दुसरा.

आवाज मोठा झाला नाही. खांबाची एक अख्खी बाजू, माणसाच्या छातीएवढ्या उंचीपासून खालपर्यंत, सुटली आणि खाली बसली. धुरळा उडाला. मानसिंगने तिला दंडाला धरून मागे ओढलं होतं हे तिला धुरळा खाली बसल्यावर कळलं. आतल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या, मधे बाहेरच्या बाजूला वाकलेल्या, आणि मागचं काँक्रीट गुलाबी होतं, खोलवर, जिथवर दिसत होतं तिथवर. स्लॅब टेकूंवर उभा होता. तो पडला नाही. खाली एक बारदान ढिगाऱ्याखाली गेलं होतं आणि त्याच्या कडेने एका स्टीलच्या डब्याचं तोंड दिसत होतं, चपटं झालेलं, भाकरीचा तुकडा बाहेर आलेला.

पोती मग संध्याकाळपर्यंत निघत राहिली, थोडी थोडी, तिने सांगितलेल्या बाजूने, आणि कुणाला काही झालं नाही. उरलेला खांब तोडून नवा उभा करायचं ठरलं.  भरतेशने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि ती प्यायपर्यंत समोर उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते सगळं नंतर. धुरळा बसल्यावर ती बाहेर आली तेव्हा अंगणात बायका उभ्या राहिल्या होत्या आणि बनुबाई पुढे आली होती. मानसिंगच्या गड्याने तो चपटा डबा बाहेर आणून ओट्यावर ठेवला. बनुबाईने तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला. तिचाच होता. झाकणावर तिच्या नातवाने खिळ्याने नाव कोरलं होतं. झाकण उघडेना. तिने एकदा जोर लावला आणि सोडून दिलं.

मग ती प्राचीकडे बघून म्हणाली, "ताई, मागं तुमी म्हणालासा, बसा, काय होत न्हाई. आमी बसलो. सकाळी म्हणालासा, उठा. उठलो. आता तुमीच सांगा, आमी कुठं बसायचं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. राग नव्हता. दुपार झाली होती, उन्हं तापली होती, अर्धा ढीग निवडायचा राहिला होता आणि बायकांना सावली हवी होती. जे नेहमी सांगतात त्यांना तिने विचारलं होतं. बाकीच्या बायकाही प्राचीकडे बघत होत्या, सरळ, विश्वासाने. प्राचीने अंगणात नजर फिरवली. ऑफिसचा व्हरांडा होता, त्याला आगीची धगही लागली नव्हती, तिला ते पक्कं ठाऊक होतं, तिथे बसा हे शब्द तोंडात तयार होते. ते बाहेर येईनात.  

"थांबा," ती म्हणाली.

तिने पिशवीतून हातोडी काढली, मानसिंगचे मोठे बूट ओढत व्हरांड्यापाशी गेली, पहिल्या खांबाला कान लावला आणि ठोकलं. मग जरा वर ठोकलं. मग दुसऱ्या खांबापाशी गेली. बायका आपली सुपं काखेला मारून तिच्यामागे उन्हात उभ्या होत्या, ती काय सांगते त्याची वाट बघत.